रात्रीचा पहारा

वाचकहो, आपल्या संप्रदायात श्वासाबद्दल पुष्कळ बोलले जाते. श्वासागणिक नाम घ्यावे, एकही श्वास वाया जाऊ देऊ नये, असे आपण लहानपणापासून कीर्तनात ऐकत आलो. पण श्वास आपोआप चालणारच, असे गृहीत धरून आपण ते ऐकतो. ज्या घरात लेकराला दमा आहे, त्या घरात तसे गृहीत धरता येत नाही. तिथे आई रात्री उठून लेकराच्या छातीवर हात ठेवते आणि मिनिटाला किती श्वास होतात ते मोजते. अशा घराला सोयऱ्याधायऱ्यांची, शेजाऱ्यांची, गावाची सोबत कशी मिळते, याविषयी आज आपल्याशी बोलायचे आहे. माझी धाकटी लेक चार वर्षांची असताना तिला बालदमा असल्याचे निदान झाले. आज ती अकरा वर्षांची आहे. या सात वर्षांत मदतीचे नाना प्रकार पाहिले. काहींनी ओझे हलके झाले, काहींनी वाढले. देणारी माणसे दोन्हीकडे मायेचीच होती, म्हणून तर हा फरक समजून घ्यावासा वाटतो.

आधी दमा म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. फुप्फुसात हवा नेणाऱ्या बारीक नळ्यांना आतून सूज असते. धूळ, धूर, थंड वारा, सर्दी-पडसे असे काही निमित्त झाले, की त्या नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात, आत कफ साचतो आणि वाट अरुंद होते. श्वास आत जातो, पण बाहेर पडताना अडतो आणि शिट्टीसारखा आवाज येतो. त्रास बहुधा रात्री, त्यातही पहाटेच्या आधी वाढतो. दिवसा हेच लेकरू अंगणात धावत असते. त्यामुळे दुपारी घरी आलेल्या पाहुण्याला ‘हिला कुठे काय झालंय?’ असे वाटले, तर त्यात त्याचा दोष नाही. त्याने रात्र पाहिलेली नसते. भारतात तीन कोटींहून अधिक लोकांना दमा आहे. आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत असे एखादे घर असणारच, आणि त्याची रात्र आपण पाहिलेली नसणार.

आमचे गाव फलटण तालुक्यात, माउलींच्या पालखी मार्गापासून जवळ. उसाचा पट्टा. तोडणी झाली की शेतात पाचट पेटते आणि दोन-दोन दिवस धूर गावावर बसून राहतो. घर माळकरी, मामंजी सत्तरीचे, चाळीसहून अधिक वाऱ्या झालेल्या. लेकीचे निदान झाले तशी ही बातमी आठवडाभरात सगळ्या सोयऱ्यांत पोचली आणि सल्ले सुरू झाले. केळी बंद करा. दही, ताक, भात बंद करा. लिंबू तर दाखवूसुद्धा नका. डोक्यावरून अंघोळ नको, खेळ नको. एक मामा म्हणाले, मृग नक्षत्र लागताना हैदराबादला जिवंत माशाच्या तोंडात औषध घालून गिळायला देतात, गाडी मी करतो. आम्ही माळकरी म्हटल्यावर ते म्हणाले, शाकाहारी लोकांना तेच औषध गुळातून देतात. इतकी सगळी चौकशी त्यांनी आमच्यासाठी करून ठेवली होती.

वाचकहो, यातल्या एकाही माणसाला मी वाईट म्हणणार नाही. पण एवढे सल्ले ऐकणाऱ्या आईचे काय होते, ते सांगते. प्रत्येक सल्ल्याच्या पोटात एक प्रश्न असतो: ‘तुम्ही हे केलं नाही का?’ सल्ला देणारा चहा घेऊन निघून जातो, प्रश्न मात्र आईजवळ राहतो. रात्री लेकरू खोकू लागले की तो बोलू लागतो. सकाळी अर्धे केळे दिले त्याने झाले का? केस धुतले त्याने झाले का? डॉक्टरांनी आम्हाला स्पष्ट सांगितले होते, की एखाद्या पदार्थाची ॲलर्जी खरोखर दिसून आली असेल तरच तो टाळा, नाही तर वाढत्या वयाचे लेकरू उपाशी ठेवू नका. ते आम्ही पाळले. तरी दर लग्नात, दर बारशाला लेकीच्या ताटाकडे चार जणी पाहत असत आणि त्यांतली एक तरी ‘भात कसा वाढला हिला?’ असे म्हणतच असे.

याहून जड एक वाक्य होते. परगावच्या एका वयस्कर नातलग बाई माझ्या समोर म्हणाल्या, ‘पूर्वजन्मीचं काहीतरी असेल, भोगून संपवायचं.’ लेक तेव्हा माझ्या मांडीवर होती, तिला धाप लागलेली होती. मी काहीच बोलले नाही. मामंजी ओसरीवर होते. ते उठून आत आले आणि म्हणाले, ‘कर्माचं काय ते पांडुरंग बघून घेईल, त्याचा हिशोब आपल्याकडे नाही. सूनबाई, तुम्ही तिला बसती करा, मी पंप आणतो.’ हा आधार मी विसरणार नाही. त्यात वाद नव्हता, त्या बाईंचा अपमान नव्हता, आणि हातात पंप होता.

आता पंपाविषयी बोलले पाहिजे, कारण सर्वांत जास्त भीती त्याचीच घातली जाते. ‘पंपाची सवय लागते’, ‘पंप म्हणजे शेवटचा उपाय’, असे आपल्याकडे सर्रास म्हणतात. आमच्या डॉक्टरांनी हिशोब मांडून दाखवला. दम्याच्या त्याच औषधाची लहान गोळी २ मिलिग्रॅमची असते आणि ती पोटातून साऱ्या अंगभर फिरते. पंपाच्या एका फवाऱ्यात ते ०.१ मिलिग्रॅम असते, म्हणजे विसावा भाग, आणि ते थेट जिथे हवे तिथे जाते. पंप दोन प्रकारचे असतात. एक रोज नेमाने घ्यायचा, लेकरू अगदी बरे दिसत असले तरी. तो नळ्यांची सूज धरू देत नाही. दुसरा त्रास झाला की लगेच घ्यायचा. तो आवळलेली वाट मोकळी करतो. नेमाचा पंप म्हणजे नित्यनेमासारखा. संकट नाही म्हणून हरिपाठ सोडत नाही, तसा हाही सोडायचा नाही, असे मामंजींनी स्वतःच्या भाषेत समजून घेतले आणि मग घरात त्यावर कधी चर्चा झाली नाही. पहिला पंप घेऊन झाला की लेक तोंड खळखळून धुते, कारण औषध तोंडात राहिले तर तोंड येऊ शकते.

लहान लेकराला पंप थेट तोंडात धरून साधत नाही, म्हणून मध्ये एक पोकळ नळकांडे लावतात, त्याला स्पेसर म्हणतात. फवारा त्यात मारायचा, मुखवटा नाका-तोंडावर घट्ट बसवायचा आणि लेकराला सावकाश पाच-सहा श्वास घेऊ द्यायचे. स्पेसर जवळ नसेल तर त्यालाही वाट आहे. १९९९ साली दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी दाखवून दिले, की अर्ध्या लिटरच्या साध्या प्लास्टिकच्या बाटलीला बुडाशी पंपाच्या तोंडाच्या मापाचे भोक पाडून केलेला स्पेसर विकतच्या स्पेसरइतकेच काम देतो. आमच्या डॉक्टरांनी तो करायला शिकवला आणि तसा एक शेतातल्या खोपीत कायम ठेवलेला आहे.

पण डॉक्टरांनी दिलेली सगळ्यांत मोठी मदत म्हणजे एक कागद. साध्या मराठीत लिहिलेला, तीन भागांचा. हिरव्या भागात बरी असताना रोज काय करायचे. पिवळ्यात खोकला वाढला, रात्री जाग आली, तर काय करायचे आणि किती फवारे द्यायचे. तांबड्यात थांबायचे नाही अशा खुणा: बोलताना वाक्य पुरे होत नाही, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, ओठ निळसर होतात, लेकरू मलूल पडते, किंवा पंप देऊनही आराम पडत नाही, पडला तरी टिकत नाही. अशा वेळी फवारे देत देत दवाखान्याची वाट धरायची, गाडी नसेल तर १०८ ला फोन करायचा. ही रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. तो कागद स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवला. त्या दिवसापर्यंत लेकीला सांभाळायची विद्या फक्त माझ्या डोक्यात होती. कागदावर उतरल्यावर ती घरातल्या सर्वांची झाली.

इथे मला सप्ताहातल्या वीणेची आठवण होते. आपण सर्वांनी पाहिले आहे. अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवत नाहीत. देवळात फळ्यावर पहारेकऱ्यांची यादी लागते. कुणी दुपारी, कुणी रात्री दोन वाजता गळ्यात वीणा घेऊन उभा राहतो. त्याचा वेळ संपला की पुढचा येतो, दोघे एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. कितीही भक्तिमान असला तरी एकच माणूस सात दिवस उभा राहू शकत नाही, हे आपल्या पूर्वजांनी ओळखले होते. म्हणून अखंड हे एकट्याचे नसते, ते पाळीपाळीने होते. मग ज्या आईबापाचा पहारा सात दिवसांचा नसून सात वर्षांचा आहे, त्यांच्या फळ्यावर दुसरी नावे नकोत का?

आमच्या फळ्यावर नावे हळूहळू आली. पहिले नाव मामंजींचे. सत्तरीत त्यांनी स्पेसर धरायला शिकून घेतले. पंप आधी हलवायचा, एका वेळी एकच फवारा, दोन फवाऱ्यांमध्ये थोडे थांबायचे, हे सगळे. सुरुवातीला ते मोजणी मोठ्याने करत. लेक हसायची आणि मुखवटा सुटायचा. मग त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. पहाटे काकड्याला उठायची त्यांना सवयच होती, तेव्हा तीननंतरचा पहारा त्यांनी स्वतःकडे मागून घेतला. मी तीन वाजता निर्धास्त झोपायला लागले.

सासूबाईंनी चूल मागच्या पडवीत नेली आणि देवघरातल्या धूप-उदबत्तीऐवजी फूल आणि तुळस ठेवली. हे त्यांना सोपे गेले नाही. चार दिवस त्या देवापुढे बसून काहीतरी पुटपुटत होत्या. नंतर म्हणाल्या, ‘देवाला चालतंय, मी विचारलं.’ मच्छरांची कॉइल जाऊबाईंनी बंद केली आणि स्वतःच्या मुलांसाठीही मच्छरदाणी शिवून घेतली. एक कॉइल जळताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण हवेत सोडते, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले होते. धूर दम्याच्या लेकरालाच बाधतो असे नाही, बाकीच्यांनाही बाधतोच. त्या लेकराचे फक्त लगेच कळते.

आणि एक नाव शेजाऱ्याचे. त्यांची जीप आहे. एका संध्याकाळी ते येऊन म्हणाले, ‘वहिनी, रात्री कधीही लागली तर हाक मारा. मी झोपेत असलो तर गाडीची किल्ली ओसरीच्या खिळ्याला आहे, दादांना चालवता येते.’ सात वर्षांत त्या गाडीची गरज आम्हाला दोनदाच पडली. पण त्या वाक्याने आम्हाला शेकडो रात्री झोप दिली. मदत वापरावी लागली नाही तरी ती आहे, हे माहीत असणे केवढे असते, ते ज्याला रात्रीची भीती वाटते त्यालाच कळते. माझे यजमान फारसे बोलणारे नाहीत. बापमाणसाला विचारतही नाही कुणी. विचारपूस सगळी आईची होते. त्या रात्री ते खूप वेळाने म्हणाले, ‘आज हलकं वाटतंय.’ तेव्हा मला कळले, की तेही रोज रात्री दवाखान्यापर्यंतचा रस्ता मनातल्या मनात चालत होते.

शाळेचा अनुभव दोन्ही प्रकारचा आहे. एका शाळेत पंप कार्यालयातल्या कपाटात कुलपात ठेवत. लेकीला धाप लागली की आधी शिपाई शोधायचा, मग किल्ली. पुढच्या शाळेतल्या बाईंनी पहिल्याच दिवशी विचारले, ‘मला काय करावं लागेल ते करून दाखवा.’ त्यांनी पंप वर्गातच ठेवला आणि बाकीच्या मुलांना चार वाक्यांत समजावून सांगितले, की हा हिचा चष्म्यासारखाच आहे. त्यानंतर कुणी चिडवले नाही.

लेक मुलगी आहे म्हणून आणखी एक सल्ला मिळाला: पंपाचे कुणाला कळू देऊ नका, उद्या लग्नाला अडचण येईल. वाचकहो, या एका वाक्याने किती मुली पंप दप्तराच्या तळाशी लपवत असतील! लपवलेला पंप वेळेवर हाताशी येत नाही. नेमाने औषध घेतले आणि दमा आटोक्यात असला, की लेकरू धावू शकते, पोहू शकते, गाऊ शकते. आमची लेक हरिपाठात पावली खेळते, आणि तिचा आवाज माझ्याहून मोकळा आहे.

दोन वर्षांपूर्वी तिने हट्ट धरला, की लोणंदहून तरडगावपर्यंत दिंडीत चालायचे, चांदोबाच्या लिंबाचे उभे रिंगण पाहायचे. डॉक्टरांना विचारले. त्यांनी नेमाचा पंप चुकवू नका, दुसरा जवळ ठेवा, धुळीत नाका-तोंडाला रुमाल बांधा असे सांगून परवानगी दिली. निघताना दिंडीतल्या एका वयस्कर माउलींनी पिशवीतला स्पेसर पाहिला आणि विचारले, ‘हे काय गं?’ मी सांगितले. त्या म्हणाल्या, ‘मग आम्हालाही दाखवून ठेव. गर्दीत तू एकीकडे, पोर एकीकडे झाली तर?’ रस्त्यात उभ्याउभ्या आमच्या रांगेतल्या सहा जणींनी पंप कसा द्यायचा ते पाहून घेतले. पुढे धूळ उडाली आणि लेक खोकू लागली. आम्ही कडेला झाडाखाली बसलो, कागदाप्रमाणे फवारे दिले. त्या माउली डोक्यावरची तुळस दुसरीकडे देऊन आमच्याजवळ थांबल्या. मी म्हटले, ‘तुमची दिंडी पुढे चालली.’ त्या म्हणाल्या, ‘दिंडी गाठता येते.’ त्यांनी कसलाही उपाय सांगितला नाही. लेकीच्या पाठीला हात लावून बसून राहिल्या. अर्ध्या तासाने श्वास सुरळीत झाला, तेव्हा लेकच म्हणाली, ‘चला आजी, रिंगण चुकेल.’

त्या वर्षी आमच्या गावच्या सप्ताहातही मंडळींनी दोन गोष्टी ठरवल्या. धूप मंडपाबाहेर, आणि हरिपाठाआधी पाणी शिंपडून मगच झाडलोट. बुक्का लावायचा तो कपाळाला, उधळायचा नाही. कुणी काही बोलेल असे वाटले होते, पण कुणाचे काहीच बिघडले नाही. उलट सप्ताहात मागे, दाराशी बसणारे दोन म्हातारे पुढे येऊन बसू लागले. त्यांनाही दमा होता, सांगितले नव्हते इतकेच.

म्हणून वाचकहो, आपल्याला विनंती करते. आपल्या आळीत, दिंडीत, नात्यात असे घर असेल तर तिथे जाताना उपाय घेऊन जाऊ नका. तो त्यांच्याकडे कागदावर लिहिलेला असतो. ‘पंप कसा देतात ते मला दाखवा’ असे म्हणा. लेकराच्या थोरल्या भावाला किंवा बहिणीला एखाद्या दुपारी आपल्या घरी जेवायला न्या, कारण आजारी लेकराच्या घरी धडधाकट लेकराकडे कुणाचे लक्ष नसते. बापाची विचारपूस करा. महिन्याच्या औषधाचा खर्च झेपतो का, हे अवघड न वाटेल असे विचारा; ही औषधे सरकारी दवाखान्यात आणि जनऔषधी केंद्रात मिळतात का याची चौकशी त्यांच्या वतीने करून द्या. पाचट पेटवायचे असेल तर पेटवण्याआधी विचार करा, वाऱ्याच्या दिशेला कुणाचे घर आहे. पाचट कुजवून शेताला खतही होते.

आणि ज्यांच्या घरी हे लेकरू आहे, त्या आईबापांनाही एक सांगते. वीणा दुसऱ्याच्या गळ्यात द्यायची तर आपल्या गळ्यातून काढावी लागते. दुसऱ्याला आपल्याइतके नीट जमणार नाही, अशी धाकधूक वाटते. वाटू द्या, पण समोर बसून शिकवा, दोनदा त्यांच्या हातून करवून घ्या, कागद भिंतीवर लावा आणि मग तासभर झोपा. घेणाऱ्याच्या पाया पडायला विसरू नका. तोही आपल्या पाया पडेल.

येत्या सप्ताहाच्या बैठकीत पहाऱ्याची यादी लिहाल, तेव्हा गावात रात्रीचा पहारा कुणाकुणाच्या घरी चालू आहे, हेही एकदा विचारून पाहा. नावे निघतील. त्यांच्या पुढे कुणाचे नाव लिहायचे, ते आपण सर्वांनी मिळून ठरवावे.

रामकृष्ण हरी.